'मी' म्हणजे तुमचं

संपादकसाहेबांनी फोनवर सांगितलं, "अण्णा, स्वरांच्या सहवासातली तुमची वाटचाल लिहा." त्यांचा गैरसमज आधीच दूर करतो. माझा सहवास स्वरांशी नव्हता, भोंग्याशी होता. सोलापुरात पस्तीस-चाळीस वर्षं मी लाउडस्पीकर भाड्यानं दिले. लग्न, बारसं, निवडणूक, कीर्तन, कुस्त्या, साबणाची जाहिरात. जिथं एका माणसाचं म्हणणं हजार माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ऐकवायचं असेल तिथं मला बोलावणं यायचं. दुकानाच्या पाटीवर माझं नाव चांगलं ठसठशीत होतं, पण गाव मला भोंगेअण्णा म्हणायचं. आजही म्हणतं.

बाहेरून हा धंदा फार सोपा दिसतो. वायर जोडली, 'हॅलो हॅलो' केलं, झालं. प्रत्यक्षात त्यात दोन कसबं आहेत. पहिलं घोषणेचं. टांग्यावर भोंगा बांधून गावात फिरताना एका दारापासून दहाव्या दारापर्यंत काय, कुठं आणि कधी हे सांगून संपलं पाहिजे. अकराव्या दाराला नवा माणूस ऐकत असतो. आणि सोलापुरात दारं बदलली की भाषाही बदलते. बाजारात मराठी-कानडी, टांगेवाल्यांच्या गल्लीत दखनी आणि विणकरांच्या भागात तेलुगू. मराठी आणि कानडी माझ्या घरचीच. तेलुगूसाठी नरसय्या नावाचा माझा दोस्त होता. मागावर साड्या विणायचा, आणि मी हाक मारली की माग सोडून टांग्यात येऊन बसायचा. त्याचा आवाज असा होता की खरं तर त्याला भोंग्याची गरज नव्हती.

दुसरं कसब बटणाचं. अॅम्प्लिफायरवर आवाज कमी-जास्त करायचं जे गोल बटण असतं, ते. स्टेजवर उभ्या माणसाला वाटतं, आवाज आपला आहे. आवाज बटणाचा असतो. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण लांबलं की आयोजक माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे. मी बटण कुणाला कळणार नाही असं थोडं थोडं उतरवत न्यायचो. पुढाऱ्याला वाटायचं आपला घसा बसला. बिचारा पाणी पिऊन खाली बसायचा. तीन वेगवेगळ्या पक्षांना मी असं जेवायच्या वेळेत घरी पाठवलं आहे, आणि तिघांनीही मला नंतर लिंबाच्या गोळ्यांचा पत्ता विचारला.

या बटणानं मी एकदा एका माणसाचं जे केलं, ते सांगायला हा कागद घेतला आहे.

लकी लक्ष्मण हे नाव आज कुणाला आठवणार नाही. मोठ्या दुष्काळाच्या आधी मात्र त्यांच्याशिवाय लग्नाचा मंडप उभा राहत नव्हता. पांढरी बेलबॉटम, कानाखाली उतरलेले कल्ले, गळ्यात लाल रुमाल आणि एकच गाणं: 'ब्रेक लाव, ब्रेक लाव, सायकलवाले, ब्रेक लाव गं.' त्या गाण्यात अर्थ शोधायला गेलं की बुद्धीलाच ब्रेक लागायचा. पण ढोलक सुरू झाली की नवरीच्या आत्यापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांचे पाय हलायचे.

माझ्याकडे या गाण्याची रेकॉर्ड होती. एका लग्नात वरबापानं तिच्यावर पानाचा डबा ठेवला आणि वर तो सरकवला. त्या दिवसापासून पिन 'ब्रेक लाव'वर आली की मागं उडायची. पिनेच्या डोक्यावर नाणं ठेवून पाहिलं, रेकॉर्डला खोबरेल लावून पाहिलं. शेवटी टिचकी मारणं हाच उपाय ठरला. मंडपात माझी खुर्ची आणि प्लेअर यांच्यामध्ये जे अंतर असायचं, ते कापून टिचकी मारेपर्यंत 'ब्रेक लाव' सहा वेळा व्हायचं. पाच नाही, सात नाही. आणि त्या दोन-तीन वर्षांत सोलापुरातली निम्मी लग्नं माझ्या भोंग्याखाली लागत असल्यामुळे गावानं धरून चाललं की गाणं असंच आहे. पोरं खेळताना सहा वेळा म्हणायची. माग चालवताना विणकर सहा वेळा म्हणायचे. पुढे मी चांगली नवी रेकॉर्ड आणून लावली, तर नवऱ्यामुलाच्या मामानं येऊन माझी कॉलर धरली. "काय बे अण्णा," म्हणाला, "चार ब्रेक खाल्लास की." मी मुकाट्यानं जुनी रेकॉर्ड लावली.

मग लकी लक्ष्मण एकदम नाहीसे झाले. कुणी म्हणे आजारी आहेत, कुणी म्हणे बुवा झाले. दुष्काळ सरून गेल्यावर, दोनेक वर्षांनी, मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचे सबनीस नावाचे गृहस्थ माझ्या दुकानात आले आणि त्यांनी काउंटरवर पोस्टरांची गुंडाळी सोडली. काळा कागद, त्यावर कोट घातलेल्या एका माणसाची पाठ, खाली 'लक्ष्मण' हे नाव आणि मधोमध वीतभर उंचीचं एकच अक्षर: 'मी'.

"हे कोण?" मी विचारलं.

"लकी लक्ष्मण. नवी मोठी रेकॉर्ड आहे त्यांची, 'मी' नावाची. तिच्यासाठी गावोगाव दौरा काढलाय."

"पाठ का दाखवलीय?"

"ते अंतर्मुख झालेत," सबनीस म्हणाले.

माणूस अंतर्मुख झाला की लोकांकडे पाठ का करतो हे मी विचारलं नाही. शिवाय त्यांनी नावातलं 'लकी' काढून टाकलं होतं, ते मला अपशकुनीच वाटलं. सबनीसांनी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. दोन गावं होऊन गेली होती. पहिल्या गावात फक्त आयोजकाचे नातेवाईक आले, दुसऱ्या गावात तेही फिरकले नाहीत. सोलापूर तिसरं. इथलं पटांगण भरलं तर दौरा पुढे जाणार, नाही तर कंपनी त्यांना पुन्हा गायला उभं करणार नाही. "आणि हे त्यांना माहीत आहे," सबनीस म्हणाले. लक्ष्मणसाहेबांच्या अटी तीन होत्या. जाहिरातीत 'लकी' म्हणायचं नाही, 'ब्रेक लाव'चं नाव काढायचं नाही आणि ती रेकॉर्ड कार्यक्रमाच्या आसपासही वाजवायची नाही. मी शब्द दिला.

शब्द देणं सोपं होतं, घोषणा करणं अवघड. "येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेच्या पटांगणात ऐका, मी!" असं मी टांग्यातून ओरडलो. मंडईत भाजीवाली मावशी कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"अण्णा, तुमी कवापासून गायला लागला?"

"मी नाही मावशी. 'मी'."

"त्येच म्हंते की. तुमी."

संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की भोंगेअण्णा उतारवयात गाणार आहे. माझं वय तेव्हा चौतीस होतं. टांगेवाला बाबूभाई दिवसभर पोस्टरकडे बघत होता. शेवटी त्यानं घोडा थांबवला आणि विचारलं, "अण्णा, ये गवय्या है के मौनीबाबा? मुंडी दिखाने कू बी तैयार नइं." बाजारातल्या शिंप्यानं तेवढा एक खरा रस दाखवला. हा कोट कुणी शिवला, पाठीत सुरकुती नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही विणकरांच्या भागात शिरलो. नरसय्यानं माइक हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"अण्णा, एक अडचण हाय."

"काय?"

"आमच्या तेलुगूत 'मी' म्हंजे तुमचं. 'मी पाटलु' म्हणलं की तुमची गाणी असं होतंय. मी म्हणायला 'नेनु' लागतंय. 'ना पाटलु' म्हणू का, माझी गाणी?"

इथं मी भोंग्याची दोरी सोडून पुन्हा बांधली. तेवढा वेळ पुरेसा होता, म्हणून आता 'माझ्या लक्षात आलं नाही' असं मला म्हणता येत नाही. दोन दिवसांत एकाही माणसानं कार्यक्रमाची वेळसुद्धा विचारली नव्हती. रिकाम्या पटांगणात आवाज सोडणं ही भोंगेवाल्याची सगळ्यात मोठी बेअब्रू. भिंतीवर आपटून तो आपल्याच तोंडावर परत येतो.

"कार्यक्रमाचं नाव 'मी' आहे ना?" मी म्हणालो. "मग आहे तेच म्हण. आपण कशाला बदला?"

नरसय्या हसला. त्याला कळलं होतं. त्यानं माइक उचलला आणि छातीतून आवाज काढला: "लक्ष्मणगारु पाडुतारु! मी पाटलु!" लक्ष्मणराव गाणार, तुमची गाणी. दारं उघडली. ओसऱ्यांवर विड्या वळत बसलेल्या बायकांनी सुपं बाजूला ठेवली. एका घरातून आवाज आला, आमची म्हणजे कोणती गाणी? नरसय्यानं उत्तर दिलं, तुम्ही सांगाल ती. हे मात्र त्यानं स्वतःच्या मनानं घातलं, त्याचं पाप माझ्याकडे नाही.

रविवारी दुपारी लक्ष्मणसाहेब आले. कल्ले गेले होते, बेलबॉटम गेली होती, रुमाल गेला होता. खादीचा झब्बा आणि दाढी. पटांगणात शिरल्या शिरल्या त्यांनी माझे भोंगे बघून डोळे मिटले.

"हे काढा. हे लग्नाचे आहेत."

"साहेब, हजार माणसं आली तर?"

"मला आवाज नकोय. श्वास हवाय. माझा श्वास शेवटच्या माणसाला जाणवला पाहिजे."

श्वास भाड्यानं द्यायचा मला अनुभव नव्हता. मी भोंगे उतरवले आणि दोन लांबोडके लाकडी स्पीकर उभे केले. त्यांना ते पसंत पडले. वायर जोडत मी स्टेजवर बसलो होतो, तसे ते शेजारी येऊन बसले आणि आपण होऊन बोलायला लागले.

"तुम्हाला मी चक्रम वाटत असेन."

"छे, छे," मी म्हणालो. वाटतच होते.

"माझे वडील गेले तेव्हा आम्ही तिरडी घेऊन निघालो. कोपऱ्यावर लग्नाचा मंडप होता. त्यात माझंच गाणं लागलं होतं. ब्रेक लाव, ब्रेक लाव. खांदा दिलेले चौघंही माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या काकांचा पाय ताल धरत होता, अण्णा. मी बघितला. त्यांना कळत नव्हतं, पण पाय चालला होता." त्यांनी झब्ब्याच्या टोकानं चष्मा पुसला. "त्यानंतर मला गाताच येईना. दोन वर्षांनी आलं ते हे आलं. आज तिसरं गाणं वडिलांचं आहे. तेवढं तरी नीट ऐकवा."

मी ऐकवतो म्हणालो. त्या कोपऱ्यावरच्या मंडपात माझ्यासारखाच कुणीतरी खुर्ची टाकून बसला असणार.

सहाला पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सबनीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. विणकर घरच्यांना घेऊन आले होते, विडीवाल्या बायका वस्तीच्या वस्ती उठून आल्या होत्या. कित्येकांच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या. लक्ष्मणसाहेबांनी पडद्याच्या फटीतून ती गर्दी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "माणसं शेवटी समजून घेतात," असं ते सबनीसांना म्हणाले. नरसय्या माझ्याकडे बघत होता. मी अॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह तपासायला वाकलो.

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला मिनिटभर नुसता श्वासच होता. माइकमध्ये वारा शिरतोय असं समजून मी स्टेजवर जाऊन माइकला रुमाल बांधून आलो. दुसरं गाणं आरशाबद्दल होतं. आरशात कुणीतरी पाहुणा दिसतो आणि तो जेवायला बसत नाही, असा काहीसा मामला होता. लोक सभ्यपणे बसले. मग तिसऱ्या रांगेतून राजमणी उठली. विडी कारखान्यातली बाई, अंगानं फाटकी पण आवाजानं अख्ख्या कारखान्याची पुढारी.

"ओ सायेब, तुमचं झालं असंल तर आमची गाणी कवा? तुमीच बोलावलंय की."

साहेबांना वाटलं ही दाद आहे. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि तिसरं गाणं सुरू केलं. 'बाबा, हळू चला, हळू चला, मला अजून पोहोचायचंय.' एक पेटी, बाकी काही नाही. त्यांचा आवाज पहिल्यांदाच सरळ आला, त्यात पोस्टरातली पाठबीठ काही नव्हती. माझे हात बटणावर थांबले.

दुसऱ्यांदा 'हळू चला' आलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मग ब्रेक लाव की!"

हसू फुटलं. मग एका कोपऱ्यात टाळी सुरू झाली आणि बघता बघता सगळं पटांगण गायला लागलं: ब्रेक लाव, ब्रेक लाव, ब्रेक लाव, ब्रेक लाव, ब्रेक लाव, ब्रेक लाव. मोजून सहा. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. ते वडिलांना हळू चला म्हणत राहिले. फक्त त्यांचा डावा हात माझ्या दिशेनं उठला आणि तळहात वरवर होऊ लागला. वाढवा. वाढवा. ज्या माणसाला दुपारी आवाज नको होता, तो आता माझ्याकडे आवाज मागत होता.

माझ्या अॅम्प्लिफायरमध्ये जोर होता. अर्धं बटण फिरवलं असतं तर ते गाणं हजार माणसांच्या वर गेलं असतं. सबनीस माझ्या कानाशी "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत होते. दौरा वाचत होता, पटांगण आनंदात होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच गाणं हवं होतं. सहा वेळा, माझं. मी बटण पुढाऱ्यांच्या वेळेसारखं थोडं थोडं खाली आणलं. साहेबांचे ओठ हलत राहिले आणि आवाज येईनासा झाला. त्यांनी घशाला हात लावला.

मग त्यांनी डोळे उघडले. लोकांचं गाणं थोडा वेळ ऐकलं. मी बटण परत वर केलं तेव्हा ते माइकमध्ये विचारत होते, "पण सहा वेळा का?"

गाणं त्यांनी ऐकलं होतं ते माझ्याच भोंग्यातून; सगळ्या पटांगणानं माझ्याकडे बोट दाखवलं.

ते हसले. पुढे त्यांनी ते गाणं चार वेळा म्हटलं, दरवेळी सहा ब्रेक लावून, आणि चिठ्ठ्यांवर आलेली सगळी गाणी म्हटली, त्यातली निम्मी त्यांची नव्हतीच. राजमणी स्टेजवर चढून नाचली. सोलापुरानं इतका चांगला कार्यक्रम पाहिला नव्हता, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते, आणि ते खरं होतं.

आवराआवर करताना साहेबांनी नरसय्याला विचारलं, "ही माणसं 'आमची गाणी, आमची गाणी' का म्हणत होती?"

"आमच्यात 'मी' म्हंजे तुमचं, सायेब."

"म्हणजे तुमच्या भागात सगळीकडे 'तुमचं' असं लिहिलेलं होतं?"

"व्हय की. वीतभर अक्षरात."

त्यांनी पायाशी पडलेलं वायरचं वेटोळं उचलून पेटीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "तिसऱ्या गाण्याला काय झालं हो? बटण बिघडलं?"

"व्हॉल्व्ह तापला होता, साहेब."

"असेल," ते म्हणाले. पिशवीतून 'मी'ची रेकॉर्ड काढून त्यांनी तिच्या कव्हरवर लिहिलं, 'भोंगेअण्णांना. तुमचंच. लक्ष्मण.' आणि माझ्या हातात दिली.

दौरा वाचला. पुढच्या गावची पोस्टरं बदलली. साहेबांचं तोंड पुढं आलं, 'लकी' परत आलं, आणि वर ठळक अक्षरात 'तुमची गाणी'. कंपनीनं 'ब्रेक लाव' नव्यानं रेकॉर्ड केलं, सहा वेळा. म्हणजे वरबापाचा पानाचा डबा महाराष्ट्रभर वाजला. साहेब पुढं कितीतरी वर्षं सोलापूरला यायचे, माझेच भोंगे लावायचे, भोंगे काढा कधी म्हणाले नाहीत. भेटले की विचारायचे, "काय अण्णा, व्हॉल्व्ह बरा आहे?" मी बरा आहे म्हणायचो. त्यापलीकडे त्यांनी काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता ते नाहीत. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, आणि मथळ्यात त्यांच्या नावाच्याही आधी 'ब्रेक लाव' होतं. तो मथळा वाचून मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं मी मोठ्या बढाईनं ही गोष्ट लोकांना हसवायला सांगत आलो होतो, बटणाचा भाग गाळून.

त्या दिवशी दुपारी मी माळ्यावरची रेकॉर्डची पेटी खाली घेतली आणि 'मी' पहिल्यांदा लावली. माझ्या पेटीतली प्रत्येक रेकॉर्ड कुठं ना कुठं अडकते. हिच्यावर एकही ओरखडा नव्हता. पिन खाली ठेवून मी सवयीनं टिचकीसाठी बोट तयार ठेवलं होतं. तिसरं गाणं आलं, 'बाबा, हळू चला' म्हणत शेवटपर्यंत गेलं आणि संपलं. टिचकीची गरज पडली नाही.

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, मनापासून काही आवडलं की कानडीत बोलते. "छलो हाडतान," म्हणाली, चांगला गातोय. मग विचारलं, "कोण हो ह्यो? आपल्या सोलापुरात कवा आला न्हाय व्हय?"

"आला होता," मी म्हणालो. "ऐकू आला नाही."